डब्यावरची आजी

आमच्या घरी दिवाळी नसायची. हे साधं वाक्य आहे, पण पुण्यात आल्यापासून वीस-बावीस वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि देवांबरोबर सणही गेले. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव लहान, वडील पोस्टात कारकून. दिवाळीच्या आठवड्यात सगळ्या गल्लीत चकल्यांचा वास असायचा आणि आमच्याकडे रोजचं वरण-भात-पोळी. वडील या बाबतीत ठाम होते. आईही ठाम होती, पण तिला मी आणि माझा धाकटा भाऊ दिवसभर दिसायचो. दुसऱ्यांच्या ओट्यावर रेंगाळणारी स्वतःची मुलं पाहणं कुठल्या आईला सोसतं? म्हणून दिवाळी उलटली, थंडी पडायला लागली, की एका रविवारी ती सांबारवड्या करायची. सणाशी संबंध नाही, देवाशी नाही. फक्त थंडी आली म्हणून.

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. थंडीत ती इतकी येते की बाजारात ढीग लागतात. आई सकाळी जुड्या निवडायची, धुवायची, वडिलांच्या जुन्या धोतरावर अंगणात पसरून कोरडी करायची. मग बारीक चिरून त्यात खसखस, तीळ, किसलेलं खोबरं, आलं-लसूण, हिरवी मिरची. बेसन आणि मैद्याची पारी लाटून, तिला आतून चिंचेचं तिखट पाणी फासून, मध्ये ते सारण भरून पाकिटासारखी घडी घालायची आणि मंद आचेवर तळायची. बरोबर ताकाची कढी. पहिली वडी मोडली की आतून हिरवी वाफ यायची. आम्ही दोघं चुलीजवळ पाट टाकून बसायचो आणि ती तळता तळता आम्हाला वाढायची. स्वतः कधी जेवायची, ते मला आठवत नाही. मी पाहिलंच नसेल.

इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा आईने गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी डबा पाठवला. वड्या गार झालेल्या, कडा नरम पडलेल्या. शनिवार पेठेतल्या एका जुन्या इमारतीत आम्ही चौघी मुली कॉट बेसिसवर राहायचो. एकीने वडी उचलली, खाल्ली आणि विचारलं, "मस्त आहे गं. हे काय, तुमच्याकडचं दिवाळीचं?"

"हो," मी म्हणाले. "आमच्याकडे दिवाळीला असंच करतात."

इतक्या सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. त्यानंतर ते सोपं होत गेलं. मी 'मला' म्हणायला शिकले, 'मले' सोडलं. नोकरी लागली, खराडीच्या ऑफिसात टीम लीड झाले, विश्रांतवाडीत आळंदी रोडच्या आतल्या बाजूला फ्लॅट घेतला. दारावर पाटी लावली ती नुसत्या नावाची. सुताराने विचारलं होतं, आडनाव नको का? मी म्हटलं, छोटी पाटी बरी दिसते.

लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यांचा वड्यांशी संबंध नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. भाऊ हैदराबादला, त्याची बायको नोकरी करणारी, दोन लहान मुलं. आईच म्हणाली, "पोरीकडे राहते. तिची एकटीची फरफट होऊन राहिली." माझी कसलीही फरफट होत नव्हती. पण ती आली आणि घरात कुणीतरी दार उघडणारं झालं.

तिच्याशी मी कशी वागले, ते लिहिणं अवघड आहे. वाईट वागले नाही. औषधं वेळेवर आणली, डॉक्टर केले, गादी बदलून दिली. पण ती बोलायला लागली की मी तिचे शब्द दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं आणि ती म्हणाली, "मले पाचव्या माळ्यावर जायचं आहे," की मी घाईने म्हणायचे, "मला, आई. मला." लोक हसायचे नाहीत, उगाच कशाला खोटं सांगू. तेच चांगले होते. मलाच घाम फुटायचा. हळूहळू आई लिफ्टमध्ये बोलेनाशी झाली. बटण दाबायची आणि दाराकडे बघत उभी राहायची.

पहिल्या हिवाळ्यात तिने सांबारवड्या करायला घेतल्या तेव्हा मी हॉलमध्ये कॉलवर होते. ती दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ. मी म्यूट केलं आणि भुवया उडवल्या.

"ये ना वं जरा. एकदा पाहून घे कशी भरते ते."

"आई, मीटिंग चालू आहे. आणि मोबाईलवर सगळं असतं हल्ली. हवं तेव्हा बघता येतं."

"असन," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या हिवाळ्यात तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा काहीतरी सांगितलं. तिसऱ्या हिवाळ्यात तिने विचारलं नाही, कारण तोवर समोरची यायला लागली होती.

समोरच्या फ्लॅटमधली बाई चाळिशीची. नवरा कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर, मुलगी कॉलेजात. ती वाढलेली शनिवार पेठेत, आणि हे ती ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगायची. बोलणं तिखट. सोसायटीच्या बैठकीत एकदा अध्यक्ष पाऊण तास बोलले तेव्हा ती म्हणाली, "आपण थोडक्यात सांगितलंत ते बरं झालं." मला ती आवडायची नाही. पण तिचं नाक चांगलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यातच एका दुपारी तळणाचा वास आला म्हणून तिने बेल वाजवली.

"काकू, काय करताय? जिन्यात उभं राहवत नाहीये."

आईने तिला आत बोलावलं, पाट दिला आणि गरम वडी समोर ठेवली. हे मला आईनेच सांगितलं, संध्याकाळी. तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. "बाप्पा, तीन खाल्ल्या तिने. आणि कढी दोनदा मागून घेतली."

मला बरं वाटलं. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. आईला सोबत मिळाली आणि माझ्यावरचं ओझं कमी झालं. पुढच्या थंडीत समोरची आठवड्यातून दोन-तीन दुपारी यायला लागली. त्याच्या पुढच्या थंडीत तर आईच तिच्याकडे जायची, कारण तिचा ओटा मोठा. मी ऑफिसमधून घरी आले की डबा भरून ठेवलेला असायचा. मी लॅपटॉप उघडून एका हाताने खायचे. आई समोर बसून बघायची. "बरी झाली का?" एवढंच विचारायची. मी मान हलवायचे.

एकदा लवकर घरी आले तर समोरच्या घरातून आईचं बोलणं ऐकू आलं. जोरजोरात, न अडखळता. "तुले सांगतो मी, असं दाबून नाही भराव. हवा राहू दे थोडी." आणि ती शनिवार पेठेतली बाई म्हणत होती, "हवा राहू देते, काकू, पण हे बघा फाटतंय." दोघी हसल्या. मी कुलूप काढलं आणि आत गेले. मला वाईट वाटलं की राग आला, ते तेव्हाही कळलं नाही.

त्या थंडीनंतर होळीच्या सुमारास आई गेली. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. समोरचीच गाडीत आमच्याबरोबर होती. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि मी पुढे बसून रस्ता मोकळा करायला खिडकीतून हात हलवत होते. त्या बाईने त्या दिवसांत आमच्यासाठी जे केलं ते मी नाकारणार नाही. तेरा दिवस आम्ही पाळत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. तिला ते माहीत होतं. भावाला, त्याच्या मुलांना, सगळ्यांना तिने जेवण दिलं.

मग पाऊस झाला, गणपती झाले, आणि दसऱ्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला. झेंडूच्या फुलांची किनार, पितळेचं ताट आणि त्यात वड्या. वर लिहिलेलं: 'दिवाळी स्पेशल! आजीच्या हातची पारंपरिक पुडाची वडी. चार पिढ्यांची चव, आता आपल्या घरी.' खाली समोरचीचा नंबर.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. घडीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबलेला खळगा होता. तो आईचा. पुडाच्या वड्या, म्हणजे आमच्या सांबारवड्याच, मी इतर ठिकाणी पाहिल्या आहेत, लग्नात, दुकानात. असा खळगा कुणी करत नाही.

दोन दिवसांनी तिने स्वतःच बेल वाजवली. हातात पुठ्ठ्याचा डबा, वर छापील स्टिकर. स्टिकरवर नऊवारीतल्या, नथ घातलेल्या, पांढऱ्या अंबाड्याच्या एका गोऱ्या आजीबाईचं चित्र.

"ताई, पहिला डबा तुम्हाला. बाकीच्यांना उद्यापासून."

मी डबा घेतला. धन्यवाद म्हणाले की नाही, आठवत नाही. दार लावलं आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच एक वडी खाल्ली. सात महिने मी रडले नव्हते. दवाखान्यात नाही, गावी अस्थी नेल्या तेव्हा नाही. त्या दिवशी ओट्याला धरून रडले, कारण ती वडी थेट आईची होती. तिखट तितकंच, चिंच तितकीच, कड तशीच खुसखुशीत. माझ्या तोंडात आई होती आणि डब्यावर भलतीच बाई.

डोळे धुतले आणि समोर गेले. तिचा हॉल डब्यांनी भरलेला होता. मुलगी खाली बसून स्टिकर चिकटवत होती. मला पाहून ती आत निघून गेली.

"ही कोण?" मी डब्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं.

"चित्र आहे, ताई. इंटरनेटवरून घेतलंय."

"ते दिसतंय मला. आजी कुणाची? चार पिढ्या कुणाच्या? तुमच्या आजीने आयुष्यात कधी सांबारवडी केली होती का?"

"नाही." तिने हातातला डबा खाली ठेवला. "आमची आजी उपासाचं थालीपीठ बरं करायची. बाकी तिच्या हाताला चव नव्हती."

"मग माझ्या आईचं नाव का नाही?"

"बसा आधी."

"मला बसायचं नाहीये."

"बरं, उभं राहून ऐका. मी त्यांना विचारलं होतं. गेल्या संक्रांतीला. म्हटलं, काकू, आपण दोघी मिळून दिवाळीला ऑर्डर घेऊ, डब्यावर तुमचं नाव घालू. त्या काय म्हणाल्या सांगू? म्हणाल्या, माझं आडनाव नको टाकू, बाई. आडनाव वाचलं की दिवाळीचं कोणी घेणार नाही."

"आणि तुम्ही ते ऐकलंत."

"मी त्यांना म्हटलं, आता तसं कुणी मानत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, तू नाही मानत."

मी म्हणाले, "नुसतं नाव घालायचं. आडनाव नको. एवढं तरी करता आलं असतं."

त्यावर तिने एक स्टिकर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. बोलावं की नाही याचा विचार करत असावी. मग शनिवार पेठेतून आलेली बाई जे बोलणार तेच बोलली.

"तुमच्या दारावर आहे तसं? नुसतं नाव?"

तिलाच ते बोलून बरं वाटलं नसावं, कारण ती लगेच पाणी आणायला आत गेली. ती बाहेर यायच्या आधी मी निघाले.

त्या दिवाळीत तिच्या वड्या भरपूर गेल्या. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये लोक म्हणायचे, काय हात आहे हो, आजीकडून आलाय म्हणे. मी ऐकून घ्यायचे. मला बोलता आलं असतं. ग्रुपवर चार ओळी लिहिल्या असत्या तर सगळ्यांना कळलं असतं. मी त्या लिहिल्याही, तीनदा. प्रत्येक वेळी पाठवायच्या आधी वाचायचे आणि लक्षात यायचं की आईची वडी आईची आहे हे सांगायचं तर आई कोण होती हेही सांगावं लागेल. तीनदा पुसलं.

मग मी स्वतः करायचं ठरवलं. मंडईतून कोथिंबीर आणली. मोबाईलवर सगळं असतं, तसं ते होतंच. वीस-पंचवीस व्हिडिओ पाहिले. पहिल्या वेळी सारणाला पाणी सुटलं आणि वड्या तेलात फुटल्या. कोथिंबीर नीट कोरडी झाली नसेल म्हणून दुसऱ्या वेळी ती रात्रभर पंख्याखाली ठेवली. पुन्हा पाणी सुटलं. तिसऱ्या वेळी सारणात भाजलेलं बेसन घातलं. वड्या फुटल्या नाहीत, पण आत चिकट गोळा झाला. तेल उडून मनगट भाजलं. तो सगळा ढीग मी कचऱ्यात टाकला.

नाताळच्या सुट्टीत भाऊ मुलांना घेऊन येणार होता. फोनवर म्हणाला, "ताई, मुलांना सांबारवडी खायची आहे. आईची आठवण काढतात. जमेल का गं तुला?"

"जमेल," मी म्हणाले.

तो येण्याच्या चार दिवस आधी, रविवारी दुपारी, मी समोरचीची बेल वाजवली. दोन महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने दार उघडलं, माझ्या मनगटावरचा डाग पाहिला आणि म्हणाली, "पाणी सुटतंय ना?"

मी मान हलवली.

"मीठ कधी घालता?"

"सारणातच. सगळ्याबरोबर."

"तिथंच चुकतं. मीठ आधी घातलं की कोथिंबीर पाणी सोडते. एका वडीपुरतं सारण हातात घ्यायचं, त्यावर मीठ भुरभुरायचं, लगेच भरायचं, लगेच तळायचं. हे कुणी सांगत नाही. तुमच्या आईंनाही कुणी सांगितलं नव्हतं. पाच हिवाळे त्यांच्या वड्या फुटल्या, तेव्हा त्यांना कळलं."

"पाच हिवाळे? कधी? आमच्या लहानपणी तर कधी फुटल्या नाहीत."

"तुमच्या आधी. लग्नाआधी." ती थांबली. "तुम्हाला माहीत आहे ना, त्या कुठं शिकल्या ते?"

"आजीकडे असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो नेहमीचा तोरा गेला. "बसा, ताई," ती म्हणाली. या वेळी मी बसले.

तिने सांगितलं ते असं. आई दहा-अकरा वर्षांची असताना माहेरच्या गावातल्या एका मोठ्या घरी कामाला जायची. अंगण झाडायचं, गोठा काढायचा आणि थंडीत सांबार निवडायचा. घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. निवडलेला सांबार ती अंगणातल्या दगडावर ठेवायची, मग घरातलं कुणीतरी त्यावर पाणी शिंपडून तो आत न्यायचं. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची. त्या खिडकीतून आईने सगळं पाहिलं, पारी, चिंचेचं पाणी, घडी. मीठ कधी पडतं तेवढं दिसलं नाही, कारण मिठाची बरणी भिंतीच्या आड होती. संध्याकाळी तळताना फुटलेल्या वड्या तिच्या ओच्यात वरून टाकत. त्या ती घरी नेऊन भावंडांना वाटायची. चौदाव्या वर्षी काम सुटलं, तेव्हापासून दर थंडीत ती स्वतः करून बघायची.

"मला म्हणाल्या," समोरची सांगत होती, "की त्या घरच्या वडीच्या टोकांना काही नव्हतं, नुसती घडी होती. अंगठ्याचा खळगा मी घातला. तेवढा माझा."

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीन वर्षं आई माझ्या घरात होती. रोज संध्याकाळी समोर बसायची. आणि हे तिने या बाईला सांगितलं.

"माझ्याबद्दल काही बोलायची का?" मी विचारलं.

"कौतुक करायच्या. मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणायच्या."

"आणखी?"

"आणखी नाही, ताई. आम्ही स्वयंपाकाचंच बोलायचो जास्त."

तिला खोटं बोलून मला बरं वाटवता आलं असतं. तिने ते केलं नाही. त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो आणि रागही येतो. निघताना मी म्हटलं, "त्या चित्रातली आजी तेवढी काढाल का?"

"पुढच्या छपाईला बघते," ती म्हणाली. पुढची छपाई होऊन गेली. आजी आहे. आता तिच्या शेजारी तुळशीवृंदावनही आलंय.

भाऊ आला. मी वड्या केल्या. मीठ शेवटी घातलं, पाणी सुटलं नाही, एकही फुटली नाही. मुलांनी सॉस मागितला आणि भराभर खाल्ल्या. भावाने एक खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली आणि म्हणाला, "छान झाल्यात. आईसारख्या नाहीत, पण छान झाल्यात."

मुलं टीव्हीकडे गेल्यावर मी त्याला सांगितलं. समोरचीबद्दल, डब्याबद्दल, आणि मग ते अंगण, तो दगड, ती खिडकी. मला वाटलं तो चिडेल, उठून समोर जाईल, भांडेल. कॉलेजात असताना तो मोर्चांमध्ये पुढे असायचा. मला कदाचित तेच हवं होतं, की माझ्याऐवजी त्याने भांडावं.

त्याने कढीची वाटी उचलली आणि एक घोट घेतला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ते घर. आईचं तिथं कामाला जाणं. मी दहावीला अभ्यास करत नव्हतो, दिवसभर क्रिकेट. एकदा तिने मला त्या घरासमोर नेलं. वाडा पडलेलाच होता, पण अंगण होतं. तो दगड दाखवला मला तिने."

"तू दहावीला होतास. म्हणजे वीसेक वर्षं झाली."

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

त्याने वाटी खाली ठेवली. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, पण त्या क्षणी मोठ्या माणसासारखा बोलला, जपून, शब्द निवडून. "ती म्हणाली होती, ताईला सांगू नको."

"का?"

"जाऊ दे ना आता."

"का पण?"

"म्हणाली, तिले पुण्यात राहायचं आहे. तिले लाज वाटन."

भावाने तिचं वाक्य तिच्याच बोलीत सांगितलं. आम्ही दोघं कितीतरी वर्षांत त्या बोलीत बोललो नव्हतो.

मला म्हणायचं होतं की मला लाज वाटली नसती. तोंड उघडलंही. पण मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि शनिवार पेठेतल्या त्या खोलीत काय बोलत होते ते मला ठाऊक आहे. आईला ते न सांगता कळलं होतं. तिने मला ओळखलं होतं आणि तिची ओळख बरोबर होती, यावर मी आता कुणाशी भांडणार?

आतून धाकटी भाची ओरडली, "आत्या, आणखी आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले आणि गॅस लावायला उठले. सहा वड्या भरायच्या राहिल्या होत्या.